दुमडलेल्या कानांचं मांजर भुसावळच्या उन्हात: घ्यावं की नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भुसावळला तिसऱ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे, डोक्यावर थेट स्लॅब. मुलगी आठवीत आहे आणि तिला मोबाइलवर पाहिलेलं दुमडल्या कानांचं मांजर हवंय. ज्याच्याशी बोलणं झालं त्या विक्रेत्याने तीन पर्याय पाठवले: स्कॉटिश फोल्ड ४५ हजारांना, आखूड पायांचं मंचकिन, आणि सासूबाईंना दमा आहे हे कळल्यावर ‘केसच नाहीत तर ॲलर्जी कुठून येणार’ म्हणत बिनकेसांचं स्फिंक्स. यातलं कोणतं आपल्या उन्हात तग धरेल, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्य आहे, जळगावात दवाखाना आहे. सुरुवातीची सगळी प्रॅक्टिस गाई-म्हशींची. आता संध्याकाळच्या ओपीडीत निम्म्या पिंजऱ्यांत मांजरं असतात आणि त्यातली बरीचशी ‘ब्रीडवाली’ असतात. त्या अनुभवावरून सांगतो, उन्हाचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा: जी गोष्ट त्या मांजराला वेगळं बनवते, ती त्याच्या शरीरात नेमकी कुठे आहे? रंगात असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते. केसांच्या पोतात असेल तर थोडी असते. पण हाडात, कूर्चेत (कानात असते तसा मऊ, लवचिक हाडासारखा भाग), कवटीत किंवा कण्यात असेल, तर आपण ज्याला गोंडस म्हणतो ते त्या जनावराचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. जातीचं नाव कितीही नवीन असो, मी आधी एवढंच बघतो. तुमच्या विक्रेत्याने दिलेल्या तीनपैकी दोन पर्याय हाडाकूर्चेतले आहेत आणि तिसरा कातडीचा.

फोल्डपासून सुरू करू, कारण तुमच्या मुलीचं मन तिथे आहे. १९६१ साली स्कॉटलंडमध्ये कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी भाटी, म्हणजे मांजराची मादी, होती, तिचे कान पुढे दुमडलेले. विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाच्या ते लक्षात आलं, त्याने तिचं एक पिल्लू घेतलं आणि पुढे जात उभी राहिली. आज जगात जी फोल्ड मांजरं आहेत, त्यांचा माग त्या एकाच सूझीपर्यंत जातो. पिल्लं जन्मतात तेव्हा कान सरळच असतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते झुकू लागतात. कारण टीआरपीव्ही४ नावाच्या जनुकातला दोष. त्यामुळे कूर्चा नीट तयार होत नाही, ती कानाचं वजन पेलत नाही आणि कान खाली येतो.

पण कूर्चा फक्त कानात नसते. घोट्यात असते, शेपटीच्या मणक्यांमध्ये असते, वाढत्या हाडांच्या टोकांना असते. कानाची कूर्चा बिघडवणारा जनुक बाकीच्या ठिकाणी बरा वागेल, अशी आशा ठेवायला जागा नाही. मागच्या पायांच्या घोट्याभोवती हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे जखडतात, शेपूट आखूड आणि ताठ होते. हा जनुक प्रभावी प्रकारचा आहे, आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. दुमडलेला कान हीच त्याची खूण. म्हणजे ‘कान दुमडलेले पण सांधे एकदम ठणठणीत’ असं फोल्ड मांजर नसतं, त्रास कमी की जास्त आणि लवकर की उशिरा एवढाच फरक. दोन फोल्ड एकमेकांत लावले तर पिल्लांची अवस्था फारच वाईट होते, म्हणून चांगले ब्रीडर फोल्डला सरळ कानांच्या मांजराशीच लावतात. त्याने तीव्रता कमी होते, दोष जात नाही. ब्रिटनच्या जीसीसीएफ या नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच फोल्डची नोंदणी बंद केली. नेदरलँड्समध्ये त्यांच्या पैदाशीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र नोंदणी चालू आहे आणि फोटोंचा पूर येतो तो बहुतेक तिथूनच.

माझ्या टेबलावर फोल्ड आलं की मी कानांना हातच लावत नाही, आधी शेपटी धरतो. साध्या मांजराची शेपटी मुळापासून टोकापर्यंत बोटांतून सोडली तर ती हवी तशी वळते, प्रत्येक मणका वेगळा लागतो. फोल्डच्या शेपटीत मुळाशी दोन-तीन बोटं एवढा भाग काठीसारखा लागतो, वाकवायला गेलं की मांजर मागे वळून बघतं किंवा सरळ चावतं. मग मागचे पंजे. ते रुंद आणि जाडसर दिसतात, नखं वाढलेली असतात, कारण दुखतं म्हणून ते खरवडत नाही आणि नखं झिजत नाहीत. मग मालकाला विचारतो, ओट्यावर उडी मारतं का? उत्तर ठरलेलं असतं, ‘नाही डॉक्टरसाहेब, फार शांत आहे, सोफ्यावर बसून असतं.’ एक वर्षाचं मांजर शांत नसतं. एक्सरे काढला की शांतपणाचं कारण फिल्मवर दिसतं. आणि ते मागचे पाय पुढे पसरून माणसासारखं बसणं, ज्याचे व्हिडिओ तुमच्या मुलीने नक्की पाहिले असतील, त्यात बऱ्याचदा पाय दुमडून बसणं टाळलेलं असतं.

याला कायमचा इलाज नाही. वेदनाशामक औषध वर्षानुवर्षं, तेही मांजराची किडनी सांभाळत. इथे जाता जाता एक गोष्ट, कारण दरवर्षी एखादी तरी केस येते: मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

मुलीला फोल्डचा गोल चेहरा आणि मोठे डोळेच आवडले असतील, तर त्याच वेतातल्या सरळ कानांच्या पिल्लांना स्कॉटिश स्ट्रेट म्हणतात. त्यांच्यात तो जनुक नसतो, सांधे सुखरूप असतात. तरीही मी ते सुचवताना अडखळतो. स्ट्रेट विकत घेतलं म्हणजे त्याच्या भावंडांची पैदास करणाऱ्यालाच पैसे दिले. तुम्ही तुमचं ठरवा.

मंचकिनबद्दल थोडक्यात. १९८३ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सापडलेल्या ब्लॅकबेरी नावाच्या भाटीपासून ही जात निघाली. लांब हाडांची वाढ खुंटते, म्हणून पाय आखूड. या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या तर गर्भ पोटातच मरतो, म्हणून दोन मंचकिन लावले तर वेत लहान होतं. काही मंचकिन धावतात, खेळतात, बऱ्यापैकी जगतात, हे मान्य करतो. पण पाठ आत गेलेली, छातीचं हाड आत वळलेलं आणि सांधेदुखी, हे त्यांच्यात बघायला मिळतं. वर उडी मारून बसणं हा मांजराचा निम्मा स्वभाव असतो, तो आपण जन्माआधीच काढून घेतो. मंचकिन आणि फोल्ड यांचा संकरही विकला जातो, आखूड पाय आणि दुमडलेले कान एकाच जनावरात. त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता स्फिंक्स आणि सासूबाई. इथे विक्रेत्याचं बोलणं सरळ चुकीचं आहे. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती मुख्यतः फेल डी १ नावाच्या प्रथिनाची असते आणि ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलकट ग्रंथींत तयार होतं. केस हे फक्त वाहन. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत जातात. स्फिंक्सलाही लाळ आहे आणि त्वचेवर तेल तर इतकं की सोफ्याच्या कव्हरवर डाग पडतात. एरवी केस जे तेल शोषून घेतात ते इथे कातडीवरच साठतं, म्हणून या मांजराला नियमित अंघोळ घालावी लागते, कानातला काळा मळ काढावा लागतो, नखांच्या बेचक्या पुसाव्या लागतात.

ही जात १९६६ साली कॅनडात टोरांटोला जन्मलेल्या एका बिनकेसांच्या पिल्लापासून ओळखली जाऊ लागली. जनुक केस ज्यापासून बनतात त्या केराटिन प्रथिनाचा, नाव केआरटी७१, आणि अप्रभावी प्रकारचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून यावा लागतो. हात फिरवला तर पीचच्या सालीवर असते तशी लव लागते, पूर्ण गुळगुळीत नसतं. त्याला अंगचं ऊन-थंडीचं कवच नाही. तुमच्या गॅलरीत मार्चच्या सकाळी साडेनऊचं ऊन त्याला भाजून काढेल आणि डिसेंबरात, जेव्हा आपण शेकोट्या पेटवतो, तेव्हा त्याला स्वेटर लागेल. शिवाय या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, त्यासाठी वेळोवेळी इको करावा लागतो. मांजराचा इको करणारा माणूस खान्देशात शोधण्यापेक्षा नाशिक किंवा पुणे गाठणं सोपं, हा खर्च किमतीत धरत चला.

सासूबाईंच्या दम्याचं काय, तर मांजर कोणतं हा मुद्दा नाही, त्यांना मांजराची ॲलर्जी आहे का हा आहे. सगळ्याच दमेकऱ्यांना नसते. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या आणि ज्यांच्याकडे मांजर आहे अशा नातेवाइकांकडे त्यांना दोन-तीन वेळा दुपारभर बसवून बघा. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर सुरू झाली तर विषय तिथेच संपला, कुठलंही मांजर आणू नका. त्रास झाला नाही तर नसबंदी केलेलं मांजर घ्या, नसबंदी न केलेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त असतं. आणि सासूबाईंच्या खोलीचं दार मांजरासाठी बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून. नंतर लावलेला नियम मांजर मानत नाही.

आता ऊन. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले रानमांजर, म्हणजे साधं, लांब नाकाचं, आखूड केसांचं मांजर आपल्या हवेला मुळातच जवळचं. गावाकडे बघा, धाब्याच्या घरात दुपारी मांजर माठाखालच्या ओल्या मातीवर पसरलेलं असतं, सावली आणि ओल दोन्ही त्याने स्वतः शोधलेली असते. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी उष्णता जाते ती अंग चाटून, वाफ होऊन आणि नाकातून श्वासावाटे. नाकच चपटं केलं की हा मार्ग आखडतो.

म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त हाल पर्शियनचे होतात. बाजारात त्यांना डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस अशा प्रतींत विकतात आणि चेहरा जितका चपटा तितका भाव जास्त. माझ्या लेखी तो भाव उलटा हवा. पंच फेसच्या नाकपुड्या चिमटलेल्या, अश्रूंची नळी वाकडी झालेली, म्हणून डोळ्यांखाली कायम तांबूस ओघळ, घोरणं, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नुसतं बसल्या जागी धापा टाकणं. लांब केसांत नायटाही फार होतो आणि तो घरातल्या मुलांना लागतो. पर्शियनमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आहे, त्याचा जनुक माहीत आहे, तपासणी होते, पण ती करून विकणारा क्वचित. मेन कून नावाच्या जातीचं नाक लांब असतं, स्वभाव चांगला, पण अंगावरचा कोट अमेरिकेच्या ईशान्येकडच्या बर्फासाठीचा. एसी असलेलं आणि इन्व्हर्टर असलेलं घर असेल तर तग धरतं. भुसावळला वरचा मजला, वर तापलेला स्लॅब, पारा ४५च्या पुढे आणि दुपारी लाइट गेली, हे एकत्र आलं तर मला त्या मांजराची काळजी वाटेल.

एक लक्षात ठेवा, कुत्रं धापतं ते नेहमीचं, मांजर तोंड उघडून धापू लागलं तर ते संकट आहे. मांजराचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४०च्या वर गेलं की धोका सुरू. साध्या नळाच्या पाण्याने पोट, पंजे, कान ओले करा, पंखा लावा आणि लगेच निघा. बर्फाचं पाणी ओतू नका, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कूलर चालतो, मात्र खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि ओलाव्याने निवण्याचा मार्गच बंद पडतो. केसांचा झिरो कट मारून आणणारे पुष्कळ असतात, तसं करू नका. एखादा इंच केस राहू द्या, नाहीतर कातडी उघडी पडून भाजते.

इथवरचं एकत्र घेतलं तर, तुमच्या यादीतली तिन्ही मांजरं मी तुमच्या घरासाठी नको म्हणतोय: फोल्ड आणि मंचकिन सांध्यांपायी, स्फिंक्स कातडीपायी आणि ज्या कारणाने ते सुचवलं ते कारणच खोटं असल्यामुळे. मग मुलीला ‘वेगळं’ काय द्यायचं?

त्याआधी आपल्या भागापुरतं एक सांगून टाकतो, कारण तो विक्रेता नंतर ‘बंगाल’ किंवा ‘सव्हाना’ही दाखवेल. बंगाल ही जात अमेरिकेत जीन मिल यांनी बिबट्या-मांजर म्हटल्या जाणाऱ्या आशियाई जंगली मांजराचा घरगुती मांजराशी संकर करून घडवली. पहिला संकर १९६३ सालचा, जात उभी राहिली १९८०च्या दशकात. आज जे खरं बंगाल विकलं जातं ते त्या जंगली आजोबांपासून अनेक पिढ्या दूर असतं. अंगावर ठिपके, पाण्याची आवड आणि अंगात इतका उत्साह की फ्लॅटमध्ये ते पडदे उतरवतं. सव्हानामध्ये आफ्रिकेच्या सर्व्हल या जंगली मांजराचं रक्त असतं. पण आपल्याकडे भलताच प्रकार चालतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, उसाच्या फडांत रानमांजर व्यालेलं असतं, कापणीच्या वेळी पिल्लं सापडतात आणि कोणीतरी ती ‘जंगली ब्रीड आहे भो’ म्हणून विकायला काढतो. वाळूच्या रंगाचं अंग, उंच पाय, कानांच्या टोकाला बारीक काळे केस, आखूड शेपटीवर काळी कडी, असं पिल्लू कोणी दाखवलं तर हात लावू नका. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि दूध पाजून ते जगतही नाही. बागेत सापडलं तर तिथेच ठेवून माणसांनी लांब व्हावं, आई बहुतेक रात्री येऊन उचलून नेते. नाहीच आली तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

आता माझी पसंती. रंगातलं नवल हवं असेल तर सयामी. त्याच्या अंगावर जे घडतं ते तुमच्या मुलीला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल. सयामीत रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज हे विकर उष्णतेला नाजूक असतं. अंग जिथे गरम, तिथे ते काम करत नाही, केस फिके. जिथे गार, तिथे काम करतं, केस गडद. म्हणून कान, तोंड, पंजे, शेपूट काळपट आणि धड दुधाळ. आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब, म्हणून पिल्लं जवळपास पांढरी जन्मतात आणि हळूहळू टोकांना रंग चढतो.

एका सयामी भाटीचं नसबंदीचं ऑपरेशन मी थंडीत केलं. कुशीवरचे केस काढले होते. महिन्या-दोन महिन्यांनी मालकीणबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या, ‘डॉक्टरसाहेब, टाक्यांच्या जागी हा काळा डाग कसला, आतून काही सडलं का?’ बघतो तर अगदी चौकोनी, माझ्या मशीनने जेवढी जागा मोकळी केली होती तेवढीच, कानांच्या रंगाची. केस नव्हते म्हणून ती कातडी गार पडली होती, तिथे उगवलेला केस गडद आला. पुढच्या वेळी केस झडले तेव्हा तो जाऊन पुन्हा फिका आला. आपल्याकडे तर वर्षभर हा खेळ चालतो. मे महिन्यात उगवणारे केस फिके, थंडीत गडद. एसीच्या खोलीत राहणारं सयामी आणि त्याचंच ओसरीवर राहणारं भावंड वेगळ्या रंगाची दिसू शकतात. नाक लांब, केस आखूड, म्हणून ऊनही सोसतं. फक्त बडबड्या स्वभावाची तयारी ठेवा, ते दिवसभर तुमच्याशी बोलतं आणि उत्तराची वाट बघतं. जुन्या ढंगाचं गोल डोक्याचं घ्या, पाचरीसारख्या चेहऱ्याचं नको.

दुसरं, फुकट मिळणारं नवल: तिरंगी भाटी, काळा-केशरी-पांढरा. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि भाटीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजलेला असतो, म्हणून ठिगळं पडतात. तो जनुक नेमका कोणता हे जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली दाखवलं. ठिगळांचा नकाशा पुन्हा उमटत नाही. २००१ साली टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचं क्लोन केलं, ते सीसी नावाचं पिल्लू मूळ मांजरीसारखं दिसलं नाही. तिरंगी बोका सुमारे तीन हजारांत एखादा जन्मतो आणि बहुतेक वेळा वांझ असतो, त्यामुळे ‘दुर्मीळ तिरंगी बोका, पैदाशीसाठी’ असं कोणी विकत असेल तर हसून फोन ठेवा. गल्लीतल्या मांजरांत सहा बोटांचीही कधी निघतात, त्यांनाही काही त्रास नसतो, फक्त जादाच्या बोटाचं नख गादीत रुतू नये म्हणून कापत राहावं लागतं.

पांढऱ्या मांजराबद्दल सावध करतो, विशेषतः एक डोळा निळा, एक पिवळा असलेल्या ‘ऑड आय’बद्दल, त्यांना सध्या भाव आहे. पांढऱ्या मांजरात दोन्ही डोळे निळे असतील तर ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एक निळा असेल तर सुमारे ४० टक्के, आणि बहुधा निळ्या डोळ्याच्याच बाजूचा कान गेलेला असतो. बहिरं मांजर घरात छान राहतं, रस्त्यावर नाही. घेताना त्याच्या मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. पायाने जमीन हादरवू नका, ते हादऱ्याने वळेल आणि तुम्हाला वाटेल ऐकू आलं. आपल्या उन्हात या मांजरांच्या कानांची टोकं आणि नाक भाजतं, आणि वर्षानुवर्षं भाजून तिथे कॅन्सर होतो. कानाच्या टोकावर खपली धरून राहिली तर ती खरूज समजून मलम लावत बसू नका.

कानांचंच वेगळेपण हवं असा मुलीचा हट्ट असेल तर अमेरिकन कर्ल नावाची जात आहे, १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या लेकवूडमध्ये सापडलेल्या शुलामिथ नावाच्या भाटीपासूनची. तिचे कान मागे वळतात आणि फोल्डसारखा सांध्यांचा त्रास त्या जनुकासोबत येत नाही. पण इकडे मिळणं कठीण, आणि ‘कर्ल’ म्हणून काय गळ्यात बांधतील सांगता येत नाही, म्हणून मी त्यामागे लागणार नाही.

घेताना काय बघायचं. फोटो नको, व्हिडिओ मागा: पिल्लू चालताना, पायरीवरून उडी मारताना, त्याची आई त्याच चौकटीत. आई दाखवायला टाळाटाळ केली तर समजून घ्या, ते पिल्लू कुठूनतरी आणून विकलं जातंय. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या पेट शॉप नियम, २०१८ मध्ये मनाई आहे, आणि मी म्हणेन बारा आठवडे होऊ द्या, आई-भावंडांत राहिलेलं पिल्लू चावायचं किती हे शिकून येतं. लसीचं कार्ड बघा, त्यावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. पहिली ट्रायकॅट (तीन आजारांची एकत्र लस) आठव्या आठवड्याला, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, शेवटची सोळा आठवड्यांनंतर, रेबीज बाराव्या आठवड्यापासून. ‘सगळ्या लसी झाल्या’ असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, त्या वयात सगळ्या होऊच शकत नाहीत. मांजरांचा पार्वो हा विषाणूचा आजार खान्देशात कायम फिरत असतो आणि अर्धवट लसीचं महागडं पिल्लू आठवड्यात दगावलेलं मी बघतो, तेव्हा मालकाने फक्त ‘जात’ विचारलेली असते.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, म्हणून पिल्लाआधी कबुतराची जाळी. गॅलरी आणि प्रत्येक खिडकी. मांजर पडत नाही हा गैरसमज आहे, कबुतरावर झेप घेताना पडतं. घरात मांसाहार चालत नसेल तर पाकिटाचं खाणं ठेवा. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषक द्रव्य मिळत नाही, त्याने आधी नजर आणि मग हृदय जातं. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं तर मुळीच नाही.

आणि ते ४५ हजार. मला विचाराल तर ते पिल्लात घालू नका. तिरंगी भाटी गल्लीतून मिळेल, सयामी त्याच्या निम्म्याच्याही आत मिळतं. उरलेल्यातून जाळ्या, नसबंदी, लसी आणि एक बरा कूलर होईल.

शेवटी वेळ. आत्ता घेऊ नका. पुण्या-मुंबईहून पिल्लं ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्यात घालून पाठवतात, एप्रिल-मेमध्ये ती खोकी उघडणं मला नको वाटतं. दिवाळीनंतर ठरवा, मुलीला सोबत घेऊन स्वतः जा, पिल्लाला मांडीवरच्या पिंजऱ्यात आणा. आल्यावर पहिले दोन आठवडे एकाच खोलीत ठेवा, लिटर ट्रे आणि पाण्याचं भांडं दोन वेगळ्या कोपऱ्यांत. जंताचं औषध वजन करून द्यायचं असतं, अंदाजाने नाही, तेवढ्यासाठी जवळच्या दवाखान्यात एकदा काट्यावर ठेवून आणा.